होझियाची झाडलेली जागा

ऑक्टोबरातला तो मंगळवार शाळेच्या भटारखान्यात इतर कुठल्याही मंगळवारसारखा उजाडला होता. अर्डेला क्रूम मोठ्या पातेल्यातले उकडलेले बटाटे लाकडी दांड्यानं कुस्करत होती, शेजारी नडीन मक्याच्या पावाचे चौकोन कापत होती, आणि खिडक्यांच्या काचांवर वाफ धरल्यामुळं बाहेरचं मैदान, त्यापलीकडचे लालपिवळे मेपल, सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. दारात कोणीतरी येऊन उभं राहिल्याचं अर्डेलाला आधी जाणवलं ते बुटांवरून. काळे, नीट पॉलिश केलेले बूट. तिचा हात दांड्यावर तसाच थांबला. गेल्या फेब्रुवारीत तिच्या घराच्या पायरीवर असेच चकचकीत बूट घातलेले दोन लष्करी अधिकारी येऊन उभे राहिले होते, आणि तेव्हापासून ओळखीच्या नसलेल्या माणसानं तिचं नाव घेतलं की ती आधी त्याचे बूट बघे.

"मिसेस क्रूम कोण?" त्या गोऱ्या गृहस्थांनी विचारलं.

"ती," नडीन सुरीनं दाखवत म्हणाली, "पण बटाट्यांबद्दल तक्रार असेल तर माझ्याकडे करायची. तिला बोलायचा हक्क फक्त माझा आहे."

गृहस्थ हसले आणि त्यांनी टोपी काढली. त्यांचं नाव हाल्वर्सन. कॉलेजच्या क्रीडा विभागातून ते आले होते, आणि त्यांनी आणलेली बातमी चांगली होती. अर्डेलाचे आजोबा होझिया पेटिफर्ड हे त्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातले पहिले काळे खेळाडू. पाऊणशे वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या वर्षांत त्यांच्या कबरीवर साधी खूणसुद्धा नाही, हे कॉलेजच्या आता लक्षात आलं होतं. जुने विद्यार्थी सामन्यासाठी परत येतात त्या शनिवारी, बँड लावून, तिथं ग्रॅनाइटचा दगड बसवायचं ठरलं होतं.

"फक्त एक अडचण आहे," हाल्वर्सन टोपी हातात फिरवत म्हणाले. "कबर नेमकी कुठं आहे ते आम्हाला कोणीच सांगू शकत नाही."

"मी सांगते," अर्डेला म्हणाली.

ते गेल्यावर नडीननं पावाचा एक तुकडा तोंडात टाकला. "इतकी वर्षं लागली होय आठवायला! बरं झालं बाई, दगड देताहेत. केक असता तर एव्हाना विटला असता."

अर्डेला हसली. पुष्कळ महिन्यांनी ती हसली होती आणि नडीननं ते पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही.

टॅनर्स फोर्डची दफनभूमी एका उतारावर आहे. वर फाटक, फाटकासमोर रस्ता, आणि रस्ता ओलांडला की अर्डेलाचं घर. फाटकाजवळ गावातल्या बड्या गोऱ्या घराण्यांची देवदूतांची थडगी. उतारावर मध्यभागी, सरळ रांगांतली, सैनिकांची. आणि अगदी खाली, ओढ्याच्या कडेला, सीडरच्या झाडांमागं पेटिफर्ड, गुडलो, बास आणि त्यांच्यासारखी काळी घराणी. तिथं दगड थोडे. त्या घराण्यांची रीत वेगळी होती. आपल्या माणसाच्या कबरीवर गवताचं पातंही उगवू द्यायचं नाही, माती खरवडून, अंगण झाडावं तशी खराट्यानं झाडून लख्ख ठेवायची, हे ते दक्षिणेतून येताना बरोबर घेऊन आले होते. वर गोऱ्यांकडे हिरवळ आणि खाली काळ्यांकडे उघडी माती. ज्याच्या कबरीवर गवत वाढलं त्याच्यामागं कोणी उरलं नाही असं समजावं. एकेक घराणं गाव सोडून गेलं तशी सीडरमागं हिरवळ पसरत गेली होती. होझिया पेटिफर्डची जागा मात्र त्यांची मुलगी, अर्डेलाची फिलीना आत्या, गेल्या हिवाळ्यात पडून तिचा खुबा मोडेपर्यंत दर आठवड्याला झाडत असे.

दुसऱ्या दिवशी हाल्वर्सनना घेऊन अर्डेला खाली उतरली. थेरॉनच्या कबरीजवळून जाताना तिनं नेहमीप्रमाणं त्याच्या पांढऱ्या दगडावर हात टेकवला. तिचा मुलगा व्हिएतनामातून आला तो बंद पेटीतून, आणि पेटी उघडू नये असं त्या बुटांच्या अधिकाऱ्यांनी फार सभ्यपणे सांगितलं होतं. तिनं ऐकलं होतं. रोज सकाळी भटारखान्यात जाण्यापूर्वी ती इथं येऊन उभी राहायची, पण त्याखाली, सीडरपर्यंत, ती गेल्या वर्षभरात एकदाही उतरली नव्हती.

सीडरमागं, ओढ्याला लागून असलेल्या कोपऱ्यात, जिथं ती लहानपणापासून आत्याच्या मागं खराटा घेऊन येत आली होती, तिथं गवत होतं. नुकतं उगवलेलं कोवळं गवत नव्हे. दाट, मुळं एकमेकांत गुंतलेलं, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेलं. तिनं बुटाच्या टोकानं ते फाकवून पाहिलं.

"ते तिकडे तर नव्हे?" हाल्वर्सननी विचारलं.

सीडरच्या अलीकडे, उताराला सुरुवात होते तिथं, एक लांबट उघडी जागा होती. माणसाच्या उंचीची. माती तांबूस, ओलसर, आणि तिच्यावर खराट्याचे फराटे इतके ताजे की अजून त्यांच्या कडा ढासळल्या नव्हत्या.

"हो," अर्डेला म्हणाली. दुसरं काय म्हणणार? गावात दुसरं कोणी आता कबर झाडत नव्हतं. शोकात माणसाच्या डोक्यात जागा सरकतात, तारखा सरकतात, मागच्या मार्चात तिनं स्वतःच्या घराचं दार ओलांडून शेजाऱ्याचं दार उघडायचा प्रयत्न केला होता. तसंच काहीतरी. हाल्वर्सननी तिथं लाल चिंधी बांधलेली खुंटी ठोकली, तिचे हात हातात घेऊन आभार मानले, आणि ते गेले.

शुक्रवारी दुपारी ती घरी पोचते न पोचते तोच दफनभूमीचा राखणदार स्टब्ज फाटकातून हाका मारत आला. हा लांबुडका, सावकाश बोलणारा गोरा म्हातारा होता. त्याला घाई झालेली अर्डेलानं कधी पाहिली नव्हती.

"बाई, तुम्ही त्या साहेबांना कुठली जागा दाखवलीत? दगडाखाली काँक्रीट ओतायला माणसं आलीत. खुंटीखाली तर नुसतं गवत आहे. कुदळ शिरत नाही."

ती गेली. खुंटी होती तिथंच होती, लाल चिंधी वाऱ्यावर फडफडत होती, आणि खुंटीभोवती दाट जुनं गवत होतं. उघडी जागा आता त्याच्या वरच्या बाजूला, उताराच्या चढाला लागली होती. हाल्वर्सनही आले होते, आणि त्यांना राग आवरत नव्हता.

"पलीकडच्या कॉलेजची पोरं," ते म्हणाले. "दर वर्षी सामन्याच्या आधी काहीतरी खोडी काढतात. मागं आमची घंटा पळवली होती. पण मेलेल्या माणसाच्या जागेशी खेळ? मला लाज वाटते, मिसेस क्रूम."

"पोरं गवत उपटतील साहेब," मजुरांपैकी एक जण म्हणाला, "पण ते उगवायचं कसं?"

स्टब्ज अर्डेलाच्या बाजूला सरकला आणि हळूच म्हणाला, "मला वाटलं, तुम्हीच हलवलीत म्हणून. म्हणजे, तुम्हीच झाडता ना रोज पहाटे?"

"मी?"

"धुकं असतं, तोंड दिसत नाही. पण कोट तुमचाच. निळा." तो ओशाळला. "माझी काही तक्रार नाही हो. ज्यानं त्यानं आपल्या माणसाचं करावं."

अर्डेलानं घरी येऊन दारामागचा कोट खाली काढला. त्याच्या खालच्या काठाला तांबूस माती सुकलेली होती. थेरॉनच्या कबरीपाशी माती नव्हती, हिरवळ होती. तिनं ब्रश घेतला, माती झाडली, कोट पुन्हा खुंटीला लावला, आणि मग मागच्या दारी जाऊन खराटा पाहिला. तो कोरडा होता. त्यानं तिला बरं वाटायला हवं होतं.

फिलीना आत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या जावेच्या घरी, खिडकीशी टाकलेल्या पलंगावर असे. सत्तरी कधीच ओलांडली होती, खुबा मोडल्यापासून पाय जमिनीला लागला नव्हता, पण जीभ शाबूत होती.

"ये," ती म्हणाली. "चेहरा बघ कसा झालाय! शाळेतल्या पोरांना तूच रांधलेलं खायला घालतेस ना? मग तू काय खातेस, वारा?"

अर्डेलानं आणलेली रताळ्याची गोड पेस्ट्री टेबलावर ठेवली आणि दगडाची बातमी सांगितली. आत्याला आनंद होईल असं तिला वाटलं होतं. आत्यानं मान हलवली.

"दगड नको. माझ्या आईनं बसवू दिला नाही, मी बसवू दिला नाही. जो थांबला नाही त्याच्यावर दगड कसला बसवायचा?"

"म्हणजे?"

आत्यानं तिला पलंगाच्या कडेला बसवलं. "मे महिन्यात, कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी, तू खाली गेली होतीस ना? मी पाठवलं होतं तुला. जाऊन शब्द बोललीस ना?"

मे महिन्यात अर्डेला थेरॉनपर्यंतच गेली होती. फुलं तिथंच संपली होती. आत्यानं काहीतरी सांगितलेलं तिला आठवत होतं, पण तेव्हा लोकांचं बोलणं तिला भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू यायचं.

"कुठला शब्द, आत्या?"

फिलीना आत्यानं डोळे मिटले. मग डोळे न उघडताच ती बोलू लागली.

त्या काळी खेळ वेगळा होता. चेंडू छातीशी धरून पळणाऱ्याला समोरच्यांनी पाडलं, धरलं, त्याच्यावर ढीग रचला, तरी डाव संपत नसे. पळणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं "पडलो" म्हटलं की मगच संपे. तोवर त्यानं सरपटावं, रांगावं, आणि त्याच्या भिडूंनी त्याला ओढावं. त्यासाठी विजारीला कातडी मुठी शिवलेल्या असत, बादलीला कडी असते तशा. होझिया पेटिफर्ड कधी "पडलो" म्हणाला नाही. समोरचे त्याच्यावर इतरांपेक्षा जास्त वेळ आणि इतरांपेक्षा जास्त जण पडत, तरी म्हणाला नाही. शेवटच्या सामन्यात एका बाजूनं त्याचे भिडू मुठी धरून ओढत होते, दुसऱ्या बाजूनं समोरचे पाय धरून ओढत होते, वर सगळा ढीग, आणि पंच वाकून वाकून विचारत होता, पडलास का, पडलास का. ओल्या फांदीसारखा आवाज झाला तो सगळ्या मैदानानं ऐकला. त्याच्या तोंडून मात्र काही निघालं नाही.

"त्यानंतर तीस वर्षं जगला," आत्या म्हणाली. "त्याच कॉलेजच्या भट्टीत कोळसा घालत. कण्यात वाकलेला. तुला आठवतो का?"

अर्डेलाला खुर्ची आठवत होती. आजोबा कधी आडवे झालेले तिनं पाहिले नव्हते. ते बसून झोपत, पुढं झुकून, दोन्ही हात पोटाशी आवळून, जणू तिथं काही धरलंय.

"बसल्या बसल्याच गेला. त्याला पेटीत सरळ करायला चार माणसं लागली. आणि पुढच्या वसंतात आई झाडायला गेली तर त्याची जागा वर सरकलेली."

खिडकीबाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकला. आत्यानं पाणी मागितलं, अर्डेलानं दिलं.

"माझा धाकटा भाऊ, एसा. तू जन्मायच्या आधीचा. पहिल्या महायुद्धात लष्करी छावणीत तापाच्या साथीत गेला. पेटीतून आला, आणि ती उघडू दिली नाही. त्याला मध्यावर पुरलेलं, सैनिकांत. आईनं पाहिलं की बाबा तिकडेच चाललाय. रोज थोडं. तिला कळलं तो काय उचलायला चाललाय ते. आणि कुठं आणायला."

"मग?"

"मग काय? तिला हवंच होतं ते. कुठल्या आईला नको असतं? तीच जाऊन त्याच्यापुढची वाट झाडायची. आम्ही हाताला धरून आणायचो, पुन्हा जायची." आत्यानं आता डोळे उघडले. "एसाला घेऊन तो फाटकापर्यंत आला. पण खेळात एकदा रेषा ओलांडली, गुण झाला, की पुढं काय होतं सांग. तुझा मुलगा खेळायचा ना? चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. पाळी त्यांची येते, मग ते आपल्यातलं एक घेऊन जातात. त्या आठवड्यात तू तापानं फणफणलीस. सहा वर्षांची होतीस. डॉक्टरनं हात टेकले. आई उठली, फाटकाशी गेली, आणि त्याच्या वतीनं बोलली: पडलो. घरच्याच रक्ताच्या नाहीतर घरात आलेल्या बाईनं मोठ्यानं बोलायचं, बस्स. सकाळी तो खाली ओढ्याकाठी आपल्या जागी, एसा एसाच्या जागी, आणि तू अंथरुणात उठून बसून पाव मागत होतीस."

"आणि आजी?"

"तिनं पुन्हा एसाचं नाव घेतलं नाही. दर मे महिन्यात जाऊन शब्द मात्र बोलायची. मग मी." आत्यानं तिचं मनगट धरलं. तो हात हाडकुळा होता आणि पकड घट्ट. "म्हातारीचं बरळणं समज हवं तर. पण जा आणि बोलून ये. एका शब्दानं काही झिजत नाही."

तिला ते बरळणंच वाटलं, किंवा वाटावं अशी तिची इच्छा होती. रविवारी दुपारी लोरीनचा डेटन शहरातून फोन आला. अर्डेलाची मुलगी, थेरॉनपेक्षा मोठी. तिला सातवा महिना लागला होता.

"आई, अगं, हे नुसतं लाथा मारतंय! माझ्या बरगड्यांचा चुरा करणार. पणजोबांवर गेलंय."

"खापरपणजोबा," अर्डेला म्हणाली. "नीट झोपतेस ना?"

"झोपू देईल तर ना! तू ये आता इकडे. एकटी काय करतेस त्या थडग्यांसमोर? नाताळापर्यंत राहा. बाळ आल्यावर मला काही सुचणार नाही आणि मग तू म्हणशील, माझ्या मुलीला काही येत नाही."

"ते मी आत्ताही म्हणते."

लोरीन खळखळून हसली, आणि तो हसण्याचा आवाज कानात असतानाच अर्डेलानं निळा कोट घातला आणि ती फाटकातून आत गेली. ऊन होतं. वरच्या बाजूला कोणीतरी फुलं बदलत होतं. तिला शोधावं लागलं नाही. उघडी जागा सैनिकांच्या रांगांत येऊन पोचली होती, थेरॉनच्या शेजारी, त्याच्या दगडाला समांतर, जसं एखादं माणूस झोपलेल्याला उठवण्यासाठी त्याच्या बाजूला येऊन टेकतं तसं.

ती बोलायलाच आली होती. शब्द तिच्या जिभेवर होता. तिनं तोंड उघडलं, आणि तिला त्या बंद पेटीची आठवण झाली. तिचं ते गुळगुळीत झाकण, त्यावर घडी न पडू देता अंथरलेला झेंडा, आणि झाकणावर तळवा ठेवून उभं असताना तिला पडलेला प्रश्न, जो तिनं कोणालाच विचारला नव्हता: आत कितीसा आहे माझा मुलगा? त्याचा उजवा कान जन्मापासून थोडा दुमडलेला होता. तेवढाच तिला बघायचा होता. त्यांनी तेवढाही बघू दिला नाही.

ती खाली वाकली. उघड्या मातीवर मेपलची दोन पानं पडली होती. तिनं ती उचलून कोटाच्या खिशात घातली, आणि परत आली.

सोमवारी भटारखान्यात नडीननं तिचा हात पकडला. "हे काय? नखांत माती. बागकाम करायला लागलीस होय, ऑक्टोबरात? काय लावतेस, बर्फ?"

"थोडं झाडत होते," अर्डेला म्हणाली, आणि तिला ते खोटं वाटलं नाही.

मंगळवारी स्टब्ज फाटकाशी उभा होता. त्यानं काही विचारलं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही, फक्त बाजूला झाला. थेरॉनचा पांढरा दगड आपल्या जागी सरळ उभा होता आणि त्याच्यापुढं, आठ महिन्यांपूर्वी खणलेल्या जागी, जिथं शिवणीसारखी हिरवळीची रेघ अजून परवापर्यंत दिसत होती, तिथं आता दाट, जुनं, मुळं गुंतलेलं गवत होतं. उघडी जागा त्याच्या वर, चढावर गेली होती. ती आता रुंद झाली होती. दोघांना पुरेल इतकी.

अर्डेला तिथंच गवतावर बसली. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते वेगळंच काहीतरी, लहानपणी आई बाजारातून परतताना रस्त्याच्या वळणावर दिसली की छातीत यायचं तसं. त्या दिवसापासून ती जेवायला लागली. नडीननं तिला दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेताना पाहिलं आणि देवाचे आभार मानले.

हाल्वर्सन रोज येत होते. त्यांनी खुंट्या हलवल्या, पहारेकरी बसवला, पहारेकऱ्यानं डुलकी लागल्याची शपथेवर कबुली दिली. शेवटी गुरुवारी ते हताश होऊन तिच्या पायरीवर बसले.

"दगड ट्रकवर तयार आहे," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तिथं बसवतो. कुठंही. लोक येणार आहेत, मिसेस क्रूम. निदान या वेळी तरी त्यांचं नाव कुठंतरी टेकू दे."

त्यांच्या आवाजातली कळकळ खरी होती. अर्डेलाला त्यांची कीव आली. "घाई काय आहे?" ती म्हणाली. "इतकी वर्षं थांबलात."

शुक्रवारी आत्याची जाऊ धावत आली. आत्याला काल रात्रीपासून चैन पडत नव्हतं, सारखी अर्डेलाला विचारत होती. अर्डेला गेली. आत्याचा चेहरा उशीत बुडाला होता, डोळे तेवढे वर होते.

"बोललीस?"

"हो, आत्या."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

आत्या तिच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की अर्डेलानं उगीच पांघरूण सारखं केलं. "आईसुद्धा मला आधी हो म्हणाली होती," आत्या म्हणाली. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

शनिवार स्वच्छ उजाडला. कॉलेजच्या मैदानावरून बँडचा आवाज गावभर येत होता, गाड्यांची रांग लागली होती, आणि हाल्वर्सननी अखेर दगडाऐवजी मैदानाच्या कडेला एक पुष्पचक्र ठेवून समारंभ उरकायचं ठरवलं होतं. अर्डेलासाठी पहिल्या रांगेत खुर्ची होती. ती गेली नाही. तिनं सकाळी थेरॉनच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या, पलंगावरची चादर बदलली, मग समोरच्या खोलीत येऊन पडदा सारला.

दफनभूमीचं फाटक कोणीतरी सताड उघडलं होतं. फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, जिथं कालपर्यंत नगरपालिकेनं कापलेलं गवत होतं, तिथं आता रुंद, तांबूस, ओलसर उघडी माती होती. खराट्याचे फराटे एका दिशेला होते. रस्त्याच्या पलीकडून ते सरळ तिच्या पायरीकडे रोखलेले होते.

फोन वाजला. लोरीन होती.

"आई, गेली नाहीस सामन्याला? मला वाटलं, पहिल्या रांगेत बसून तोऱ्यात असशील."

"नाही गेले. तू कशी आहेस?"

"मी बरी आहे." लोरीननं फोन दुसऱ्या कानाला लावला. "सकाळपासून जरा शांत आहे हे. एरवी किती धिंगाणा असतो. थंड पाणी प्यायले, कुशीवर झोपून पाहिलं. तरी हलत नाहीये. असं होतं का गं, मी पोटात असताना तुला व्हायचं का?"

मैदानावर काहीतरी झालं असावं. सगळ्या गावातून एकच आरोळी उठली आणि बराच वेळ विरली नाही. अर्डेला खिडकीतून बघत होती. मातीच्या अलीकडच्या कडेला, डांबरावर, एक फराटा उमटला होता.

"आई? आहेस ना?"

"झोपलं असेल," अर्डेला म्हणाली.

तिनं फोन ठेवला. शब्द बोलायला अजून वेळ होता, दार उघडं होतं आणि फाटक समोरच होतं. ती खुर्ची ओढून खिडकीशी बसली. तिनं तो शब्द उच्चारला नाही.